आई-बाबांना चालायला पाठवण्याआधी खुर्ची मोजा

'डॉक्टरांनी चालायला सांगितलंय' एवढं कानावर पडलं की घरात नवे बूट येतात, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ चढतं आणि चौऱ्याहत्तरीच्या बाबांची सकाळी सहाला बागेत रवानगी होते. तीन आठवड्यांत गुडघा सुजतो आणि बूट कपाटात जातात. मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. माझा अर्धा दिवस हा बिघडलेला क्रम सुधारण्यातच जातो. औषधं, पायांची ताकद, तोल आणि घराची फरशी यांतलं काहीच न बघता थेट चालण्याला हात घातला जातो. दुसरीकडे, मायेपोटी घरचेच म्हाताऱ्या माणसाच्या हातातली कामं एकेक करून काढून घेतात.

खालचे टप्पे साधारण पासष्टीपुढच्या, घरात स्वतःच्या पायांनी वावरणाऱ्या माणसासाठी आहेत. अलीकडे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हाड मोडणं किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. क्रम मात्र बदलू नका.

तयारी

हात नसलेली, टणक बैठकीची एक खुर्ची हवी. तिची बैठक जमिनीपासून १७ इंच, म्हणजे साधारण ४३ सेंटीमीटर असावी. जेवणाच्या टेबलाची खुर्ची बहुतेक वेळा चालून जाते. प्लास्टिकची खुर्ची घेऊ नका, ती वाकते आणि टाइल्सवरून सरकते. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा. याशिवाय मोजपट्टी, चिकटपट्टी, मोबाइलवरचं स्टॉपवॉच आणि बीपी मोजायचं यंत्र जवळ ठेवा. आणि हो, सगळ्या औषधांची पिशवी. 'चालू' औषधांचीच नव्हे, उशीखालची झोपेची गोळी आणि डब्यातली सर्दीची पट्टीसुद्धा.

टप्पा १ : औषधं आणि उभ्याने बीपी

पहिला प्रश्न वर्षभरात पडलात का, हा. तो असा विचारला की उत्तर 'नाही' येतं. 'बाथरूममध्ये पाय घसरला, कपाटाला धरलं, कुठे टेकलात असं काही झालं का?' असं विचारा, मग किस्से बाहेर येतात. पडणं लपवलं जातं, कारण पडल्याचं कळलं की एकट्याने बाहेर जाणं बंद होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

आता बीपी. पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा मोजा. मग उभं करा, एक मिनिटाने मोजा आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. या वेळात शेजारी हात पुढे करून उभे राहा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा १० किंवा त्याहून जास्त घसरला, तर व्यायाम पुढे ढकला आणि आकडे लिहून डॉक्टरांकडे जा. बीपीची, लघवी वाढवणारी, प्रोस्टेटची किंवा झोपेची औषधं यामागे असू शकतात.

*सावधान :* कारण सापडलं असं वाटलं तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डोस किंवा वेळ डॉक्टर बदलतील.

टप्पा २ : तीन मोजण्या

*अ. अर्ध्या मिनिटाची उठबस.* खुर्चीच्या मध्यावर बसवा, तळवे जमिनीवर टेकलेले, हात छातीशी आडवे घेऊन पंजे विरुद्ध खांद्यांवर. 'सुरू' म्हटल्यावर पूर्ण ताठ उभं राहायचं आणि पुन्हा बसायचं. ३० सेकंदांत किती वेळा उठता आलं ते मोजा. शेवटच्या क्षणी अर्ध्याहून जास्त उठलेले असतील तर तेही धरा. उठताना हातांचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य.

इथेच सगळ्यात जास्त लबाडी होते, अगदी नकळत. माझ्या वडिलांची मोजणी भाच्याने केली होती. 'आजोबांचे चौदा!' असा फोन आला. मी जाऊन पाहिलं तर मऊ सोफा, दोन्ही हात मांड्यांवर दाबलेले, आणि उभं राहणं म्हणजे फक्त बूड उचलणं. नियमाने मोजलं तेव्हा सहा भरले.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या तक्त्यानुसार खालच्या आकड्यांपेक्षा कमी भरलं तर पडण्याचा धोका जास्त धरतात:

वय ६०–६४ : पुरुष १४, महिला १२
वय ६५–६९ : पुरुष १२, महिला ११
वय ७०–७४ : पुरुष १२, महिला १०
वय ७५–७९ : पुरुष ११, महिला १०
वय ८०–८४ : पुरुष १०, महिला ९
वय ८५–८९ : दोघांनाही ८

तक्ता तिकडच्या माणसांवरून बेतलेला आहे, त्यामुळे एखाद्या आकड्याने खाली आलं म्हणून घाबरू नका. तीन महिन्यांनी स्वतःच्याच आकड्याशी तुलना करायला तो नोंदवून ठेवायचा आहे.

*आ. तोल.* भिंतीच्या किंवा ओट्याच्या कडेला उभं करा. डोळे उघडे, काठी नाही. उभं राहण्याच्या चार पद्धती, प्रत्येकी १० सेकंद: पावलं शेजारी-शेजारी, पावलं शेजारीच पण एक पाऊल दुसऱ्याच्या अर्धं पुढे, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकून सरळ रेषेत, शेवटी एका पायावर. एक जमली तरच पुढची. तिसरी १० सेकंद टिकत नसेल तर टप्पा ५ हा तुमच्या घरातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा समजा.

*इ. उठून चालून परत.* खुर्चीपासून ३ मीटरवर जमिनीवर चिकटपट्टी लावा. उठायचं, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. रोजचीच चप्पल किंवा बूट, रोजचीच काठी. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे. सेकंदांइतकंच वळणं बघा. दोन पावलांत वळतात की जागच्या जागी सहा-सात छोटी पावलं टाकतात? भिंतीला हात लागतो का?

*तपासा :* मोजणी जेवल्यावर लगेच, रात्री किंवा पाहुण्यांसमोर नको. चार नातेवाईक बघत असले की बाबा शर्यत लावतात.

टप्पा ३ : घर

यावर फार लिहीत नाही, एक दुपार पुरते. दारातली सुटी पायपुसणी उचला. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा ठेवा. संडास-बाथरूममध्ये भिंतीत स्क्रूने पक्का बसवलेला कठडा हवा. टॉवेल अडकवायच्या दांड्याला धरून उठण्याची सवय लागली असेल तर तो दांडा आजच काढा, तो एके दिवशी माणसासकट खाली येतो. टाइल्सवर नुसते पायमोजे घालून चालू देऊ नका. गाऊन, साडी, लुंगी जमिनीवर लोळत असेल तर चार बोटं वर घ्या.

टप्पा ४ : आधी पायांत ताकद

ताकदीचे व्यायाम एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. मधल्या दिवसाची विश्रांती सोडायची नाही. स्नायू भरून यायला ती लागतेच.

*१. उठबस.* मोजणीत हात न लावता उठता आलं नसेल तर बैठकीवर चादरीची जाड घडी ठेवून उंची वाढवा. जिथे पाच वेळा बिनआधार उठता येतं, ती तुमची सुरुवातीची उंची. पाच-पाचचे दोन फेरे, मध्ये दोन मिनिटं बसणं. उठताना पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, नाक पावलांच्या पुढे जाईल इतकं पुढे झुकून मग उठायचं. बसताना मनात एक-दोन-तीन म्हणत सावकाश. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला, आणि मणक्याला दणका बसला तो वेगळाच. दहा-दहा सहज जमू लागले की घडीतली एक चादर काढा.

*२. टाचा आणि चवडे.* स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या, खाली आणायच्या, मग टाचांवर उभं राहून चवडे उचलायचे. दहा-दहा.

*३. गुडघा सरळ करणं.* खुर्चीत बसून एक पाय पुढे सरळ. घोट्याला बांधायचं वजन सर्जिकलच्या दुकानात 'वेट कफ' म्हणून मिळतं. अर्ध्या किलोपासून सुरुवात करा.

*४. पाय बाजूला.* ओट्याला धरून उभ्याने एक पाय बाजूला उचलायचा, कमरेतून न झुकता. चालताना कंबर डुलते त्यांच्यासाठी हा फार गुणाचा.

नेहमीची चूक आकड्यांची. दहा जमले म्हणून वीस, मग पन्नास, मग 'आजी रोज शंभर करतात' असं कौतुक. शंभर करता येतात याचा अर्थ ते फार हलकं आहे. आकडा दहा-बारावर ठेवा आणि काम जड करा: वजन अर्धा किलो वाढवा, खुर्ची खाली आणा, बसण्याचा वेग कमी करा. शेवटचे दोन प्रयत्न कष्टाचे वाटले पाहिजेत, पण ढब बिघडता कामा नये.

'या वयात वजनं?' हा प्रश्न येतोच. बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या १०० रहिवाशांवर झालेला प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ८७ होतं. आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे, चांगलं जड वजन वापरून पायांचे व्यायाम केलेल्यांची ताकद दुपटीवर गेली आणि चालण्याचा वेगही सुधारला. नुसतं पौष्टिक पेय दिलेल्यांच्या पायात मात्र काही फरक पडला नाही. म्हणून प्रोटीन पावडरचा मोठा डबा आणून 'आता होईल सुधारणा' म्हणू नका.

अर्थात जेवण रिकामं असेल तर व्यायामही फुकट जातो. ज्येष्ठांनी वजनाच्या किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं घ्यावीत असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम झाली. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम. चहा-खारी, दुपारी भात आणि पातळ आमटी, रात्री दूध-पोळी अशा दिवसात निम्मीसुद्धा भरत नाहीत. तिन्ही वेळच्या ताटात उसळ, दही, अंडं, मासळी, पनीर यांतलं काहीतरी असू द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशोब डॉक्टरांकडूनच घ्या.

*सावधान :* श्वास रोखून जोर लावू नका, बीपी वर जातं. मोठ्याने आकडे म्हणत करा, म्हणजे श्वास रोखताच येत नाही. छातीत दुखणं, घेरी, दम आवरता न येणं, एका बाजूचा हातपाय अचानक गळणं यांपैकी काहीही झालं तर लगेच थांबा आणि मदत बोलवा. हाडं ठिसूळ असतील किंवा मणका आधी दबलेला असेल, तर कमरेतून वाकून पायाची बोटं धरण्याची आसनं बंद, मग ती कितीही वर्षं करत आलेले असोत.

*तपासा :* दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर ठीक, दोन दिवसांत ते जातं. सांधा सुजला, गरम लागला किंवा रात्री ठणकला तर एक पायरी मागे या.

टप्पा ५ : तोल

ताकदीचे दोन आठवडे झाले की तोल सुरू करा. हा रोज केला तरी चालतो. आधार ओट्याचा, मागे खुर्ची. क्रम मोजणीतलाच: टप्पा २ मध्ये उभं राहण्याच्या ज्या पद्धतीत डळमळलं, ती आजची जागा. आधी दोन्ही हात ओट्यावर, मग एक हात, मग दोन बोटं, मग हात ओट्याच्या वर चार इंच तरंगता. ते जमलं की मान डावीकडे-उजवीकडे फिरवायची, त्यानंतर ओट्याच्या कडेने टाचेला बोटं टेकवत चालायचं, मग बाजूने चालायचं.

चूक दोन टोकांची होते. एकीकडे पूर्ण वेळ घट्ट धरून उभं राहणं, यात तोलाला कामच उरत नाही. दुसरीकडे खोलीच्या मधोमध, डोळे मिटून, एका पायावर, कारण व्हिडिओत तसं दाखवलं होतं. किंचित डळमळलं पाहिजे आणि हात पोहोचला पाहिजे. दोन्ही हवं.

टप्पा ६ : जमिनीवरून उठणं

आपल्याकडे देवपूजा खाली, भाजी निवडणं खाली, लग्नातली पंगत परवापर्यंत खाली. खाली बसणं सुटलं की पाठोपाठ उठणं सुटतं, आणि मग पडल्यावर इजा नसली तरी तासभर जमिनीवर पडून राहावं लागतं. उठबस दहा-दहा जमत असेल तरच हा सराव करा. गुडघ्याचा सांधा बदललेला असेल तर आधी सर्जनना विचारा.

पलंगाशेजारी गादी टाका. कुशीवर वळा. कोपर आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर जोर देऊन उठा. नातवाचा घोडा होतात तसे हात-गुडघ्यांवर या. रांगत पलंगापर्यंत जा, दोन्ही हात त्यावर ठेवा. मजबूत पायाचं पाऊल पुढे टेकवा, हातापायांनी जोर लावा, उठा, वळून बसा. दोन मिनिटं बसूनच राहा.

*सावधान :* कुणी खरंच पडलं तर काखेत हात घालून ओढून उभं करू नका. आधी विचारा, कुठे दुखतंय. खुब्यात कळ येत असेल, पाय बाहेरच्या बाजूला वळलेला किंवा आखूड दिसत असेल तर हलवू नका, १०८ला फोन करा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर माणूस अगदी नीट बोलत असला तरी दवाखान्यात न्यायचं.

टप्पा ७ : आता चालणं

इथवर यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत नेहमीचं चालणं चालूच ठेवायचं, फक्त वाढवायचं नाही.

अमेरिकेतल्या आठ केंद्रांवर १,६३५ जणांवर झालेल्या 'लाइफ' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. सगळे ७० ते ८९ वयाचे, फारसे न हलणारे, पण ४०० मीटर चालू शकणारे. सरासरी अडीच वर्षांहून थोड्या जास्त काळात व्यायाम करणाऱ्या गटातल्या ३०.१ टक्के लोकांची ४०० मीटर चालण्याची क्षमता गेली, मुख्यतः आरोग्यव्याख्यानं ऐकणाऱ्या गटात ३५.५ टक्क्यांची. बातम्यांत याचं 'चाला आणि निरोगी राहा' झालं. प्रत्यक्षात त्या व्यायामात आठवड्याला १५० मिनिटं चालण्याचं लक्ष्य होतं आणि सोबत पायांची ताकद, लवचिकता, तोल हेही होतं. हा दुसरा भाग गाळून उरलेल्यावर लोक बागेत फेऱ्या मारतात.

सुरुवात दहा मिनिटांपासून, सपाट रस्त्यावर. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. वेग असा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. ४०० मीटर म्हणजे मोठ्या मैदानावरच्या धावपट्टीची एक फेरी. ती न थांबता होते का, हे महिन्यातून एकदा बघा. बुटाला मागून टाच धरणारी कड हवी, स्लीपर नको.

पहाटेचा हट्ट सोडा. अंधार, ओले रस्ते, भटकी कुत्री आणि रिकामं पोट, सगळं एकाच वेळी वाट्याला येतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी काही न खाता बाहेर पडू नये. संध्याकाळी पाचचं चालणंही चालणंच असतं.

टप्पा ८ : कामं परत द्या

हे घरच्यांसाठी. 'आई, तू बस, मी आणते' हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणता ते एक दिवस मोजा. एका घरी मी गेले तर आजींच्या पलंगाशेजारी पाण्याचा जग, रिमोट, औषधं, बिस्किटांचा डबा, मोबाइल चार्जर असं सगळं हाताशी मांडलेलं. सून कौतुकाने म्हणाली, 'यांना काही म्हणून उठावं लागत नाही हो.' आजींना संडासाला जाण्यापुरतंच उठायचं उरलं होतं, आणि उठबस भरली तीन.

जग स्वयंपाकघरात परत गेला. दुधाची पिशवी दारातून घेणं, कुंड्यांना तांब्याने पाणी घालणं आणि वाळलेले कपडे घड्या करून कपाटात ठेवणं आजींकडे आलं. काम हळू होईल, घडी तिरकी पडेल, तरी मध्ये हात घालायचा नाही. शिडी, स्टूल, ओली फरशी आणि जड सिलिंडर एवढं मात्र त्यांच्याकडे परत जाऊ देऊ नका. काठी लागत असेल तर लाजेपोटी टाळू नका, पण ती मापाची घ्या: हात सैल सोडून उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या रेषेला आली पाहिजे, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. दहातल्या सहा घरांत ती मी चुकीच्या हातात बघते.

टप्पा ९ : पुन्हा मोजणी

बारा आठवड्यांनी टप्पा २ जसाच्या तसा करा: तीच खुर्ची, तीच वेळ, तीच चप्पल, शक्यतो मोजणारंही तेच. नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशोब लिहिता त्याच चौकोनात करा. वेगळी वही केली की हरवते.

आकडा वाढला तर काम थोडं जड करा. तिथेच राहिला तर आधी तपासा की खरोखर आठवड्यातून तीनदा झालं का आणि शेवटचे दोन कष्टाचे होते का. घसरला तर पुन्हा औषधांची पिशवी काढा, उभ्याने बीपी घ्या, चष्मा तपासून घ्या.

मध्ये डेंगी, न्यूमोनिया किंवा दवाखान्यात भरती झाली, तर जिथे थांबलात तिथून सुरू करू नका. निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून केलेल्या एका प्रयोगात दोन्ही पायांतून मिळून जवळजवळ एक किलो स्नायू गेले होते. इथे तर आजारही असतो. म्हणून डॉक्टरांनी हो म्हटल्याबरोबर, अंथरुणात असतानाच घोटे वर-खाली करणं आणि गुडघे वाकवणं सुरू करा. जेवण पलंगावर न देता खुर्चीत बसवून द्या. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात उठबस मोजा आणि खुर्चीवर चादरीची घडी पुन्हा ठेवा.